अर्ध्या हळकुंडाने

श्रावण लागला की संपादकांचा निरोप येतो. पूर्वी पोस्टकार्ड येई, आता फोनवर चार ओळी येतात. मजकूर मात्र तोच. ‘मास्तर, दिवाळी अंकासाठी यंदाही नेहमीसारखे काहीतरी द्या.’ निरोप वाचून मला आनंद होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. खेड्यातल्या मास्तराची कोणी आठवण काढावी, आणि तीही शहरातून, ही काय लहान गोष्ट झाली? पण गेली काही वर्षे त्या निरोपातला एक शब्द माझ्या घशात अडकतो. तो शब्द म्हणजे ‘नेहमीसारखे’.

वास्तविक या शब्दात वाईट काय आहे? हॉटेलात नेहमीसारखा चहा मिळाला नाही तर आपण कुरकुर करतो. दिवाळीची चकली नेहमीसारखी झाली नाही, तर करणारीपेक्षा खाणारालाच जास्त वाईट वाटते. मग लेखकाने तेवढे वेगळे का करावे? मीही बरीच वर्षे असाच युक्तिवाद करीत आलो. त्या युक्तिवादाच्या आड एक भित्रा मनुष्य लपून बसला होता, हे मला फार उशिरा कळले. आणि कळले तेही एका निरक्षर बाईमुळे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. हिंगोलीहून औंढ्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात मी लहान मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन एकर हळदीचे रान आहे. म्हणून कादंबऱ्यांवर पोट भरण्याची पाळी अजून आलेली नाही. माझ्या पहिल्या तीन कादंबऱ्या वाचनालयांतून बऱ्या चालल्या. त्यांत गुलमोहराखाली बंगला असे, बंगल्यात अबोल नायिका असे, आणि शेवटच्या प्रकरणात हटकून समुद्र येई. समुद्र मी आयुष्यात एकदाच पाहिला होता, आणि तोही शाळेच्या सहलीतली चाळीस मुले मोजता मोजता! पण सूर्यास्ताची वाक्ये मला छान जमत. दोन सत्कार झाले, शाली मिळाल्या. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होण्याची म्हण मी मुलांना फळ्यावर लिहून समजावून सांगत असे. ती आपल्यालाच लागू पडते, हे काही ध्यानात आले नाही.

आमच्या घरी माझी आत्या असते. वय पंचाहत्तरीच्या घरातले. एकोणिसाव्या वर्षी नवऱ्याने टाकली म्हणून ती माहेरी आली, आणि इथेच राहिली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. सगळे आयुष्य तिने हळदीत घालवले. हळद शिजवण्यात तिचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. शिमग्याच्या आसपास रानात चुली पेटत, मोठ्या लोखंडी कढया चढत, आणि आत्या हातात एक काडी घेऊन कढईपाशी बसे. हळकुंडात काडी टोचायची. सहज आरपार गेली तर शिजली, अडली तर आणखी जाळ. कच्ची राहिली तर पुढे कीड लागते, जास्त झाली तर रंग जातो. आता कढया गेल्या आणि वाफेचे कुकर आले. तरी आत्याची काडी काही सुटलेली नाही. पोरे हसतात, पण ती ‘झालं’ म्हणाल्याशिवाय माल उतरवीत नाहीत.

माझी तिसरी कादंबरी माझ्या मुलीने तिला वाचून दाखवली. आठवडाभर रोज संध्याकाळी वाचन चाले. आत्या निमूटपणे ऐकत असे. पुस्तक संपल्यावर मी मोठ्या आशेने विचारले, ‘कसं वाटलं, आत्या?’

ती म्हणाली, ‘ग्वाड हाय. पण लेकरा, यातली माणसं पोटासाठी काय करतेत रं?’

मी हसलो. रात्री झोप मात्र लागली नाही. तीन कादंबऱ्यांतली सगळी माणसे मी एकेक करून आठवून पाहिली. खरेच, कोणाच्या हाताला काही काम नव्हते.

आमच्या भागातल्या माणसाला अशा वेळी कोणती गोष्ट आठवणार? हिंगोलीजवळ कयाधू नदीच्या काठी नरसी नावाचे गाव आहे. नामदेवांचे जन्मगाव म्हणून ते ओळखले जाते. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांना ‘कच्चे मडके’ ठरवले, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. मग नामदेव रागावून पंढरीला गेले, आणि प्रत्यक्ष विठ्ठलाने त्यांना गुरू शोधायला पाठवले. ते गुरू, विसोबा खेचर, नामदेवांना भेटले आमच्याच औंढ्या नागनाथाला, पिंडीवर पाय ठेवून निजलेले! मला या कथेतला चमत्कार लहानपणी आवडे. आता आवडते ते निराळेच. ज्याच्याशी देव बोलतो, ज्याच्या हातचा नैवेद्य देव खातो, अशा माणसाला लोक कच्चा म्हणतात. आणि रुसवा ओसरल्यावर तो माणूस उठून औंढ्याची वाट धरतो. माझ्याशी तर साधा ग्रंथपालही दोन मिनिटांवर बोलत नाही. मला रुसायचा काय अधिकार?

तेव्हा मी ठरवले की पुढची कादंबरी आत्यावर लिहायची. ठरवले खरे, पण हात चालेना. पहिले भय भाऊबंदांचे. आत्याच्या सासरची माणसे याच तालुक्यात आहेत, लग्नकार्यात भेटतात. दुसरे भय भाषेचे. ‘काय करायलास’, ‘कुठं चाललास रं’ असे आम्ही घरात बोलतो. वर्गात मात्र मी मुलांचे तेच बोलणे लाल शाईने दुरुस्त करतो. ते पुस्तकात कसे घालावे? तिसरे भय मी कोणाला सांगत नव्हतो. गुलमोहर आणि समुद्र काढून घेतले, तर आपल्याजवळ काही उरते की नाही, हे ते भय.

त्या दिवसांत मला बी. रघुनाथ फार आठवत. भगवान रघुनाथ कुळकर्णी हे त्यांचे नाव. १९१३ साली सातोन्याला जन्म, शिक्षण मॅट्रिक, नोकरी बांधकाम खात्यात कारकुनाची. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. तोवर आम्ही सगळे परभणीचेच, म्हणून ते आम्हाला घरचे वाटतात. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू. त्या राज्यात नोकरी करीत या माणसाने मराठीत कविता लिहिली, कथा लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या. ‘आलाप आणि विलाप’ लिहिणारा कवी तेवढ्यावर सुखाने राहू शकला असता. पण भोवतालची माणसे त्याला स्वस्थ बसू देईनात. १९५३ च्या सप्टेंबरात ते वारले तेव्हा त्यांनी नुकती चाळिशी गाठली होती. मला बेचाळीस संपून त्रेचाळीस लागले होते. शिक्षण त्यांच्याइतकेच, वय त्यांच्याहून जास्त. आणि मी अजून भाऊबंद काय म्हणतील याचा हिशेब करीत बसलो होतो! मला लाज वाटली. लाजेने जे होते ते धीराने होत नाही. मी लिहायला बसलो.

चार महिन्यांत आत्या माहेरी परत येते ते प्रकरण पुरे झाले. ते मला फार साधले होते. एसटीतून उतरलेली तरुण मुलगी, हातात पत्र्याची पेटी, सांजवेळ, आणि आईच्या गळ्यात पडून तिने फोडलेला हंबरडा. लिहिताना माझेच डोळे भरून आले. मोठे धाडस केले असे वाटले. पण ज्याच्या घरची वस्तू उचलायची त्याला विचारले पाहिजे. म्हणून एका रात्री कुकरची वाफ कोंडत होती तेव्हा रानातच, विजेच्या दिव्याखाली, मी ते प्रकरण आत्याला वाचून दाखवले.

ती ऐकत होती. मी थांबलो. ती काही बोलेना. मग म्हणाली, ‘म्या रडले नव्हते.’

मी म्हणालो, ‘आत्या, गोष्टीत थोडं...’

‘रडायला येळ कुठं व्हता? कढई चुलीवर व्हती. माय म्हणली, पदर खोच अन् जाळ घाल. रातभर जाळ घातला.’ ती जरा थांबली. मग आवाज न बदलता म्हणाली, ‘अन् त्यानं मला टाकलं बी नव्हतं. म्या आले निघून. मारायचा. एक दिस पेटी उचलली, निघाले. दादानं मागनं गावात सांगितलं, टाकली म्हणून. टाकलेल्या बाईची कीव येते लोकांला. निघून आलेलीला कोण उभं करून घेतं?’

कुकरची वाफ सुटली. पोरे धावली. आत्या उठली, एक हळकुंड घेतले, काडी टोचली. पाठमोरीच म्हणाली, ‘त्या राती मला लई बरं वाटलं व्हतं. हे लिवशील?’

दादा म्हणजे माझे वडील. त्यांनी बहिणीची अब्रू झाकण्यासाठी सांगितलेली गोष्ट आमच्या घरात पन्नासहून अधिक वर्षे खरी म्हणून वावरत होती. आणि मी? मी जे धाडस समजत होतो, ते त्याच गोष्टीवर नक्षी काढणे होते. रडणारी परित्यक्ता लिहायला काय लागते? तिच्यासाठी वाचकाचा रुमाल तयारच असतो. पाठीवर वळ घेऊन आलेली, रात्रभर जाळ घालणारी आणि मनातून सुखावलेली मुलगी लिहायला मात्र माझ्याजवळ एकही तयार वाक्य नव्हते. जमत होते ते सगळे सोडून द्यावे लागणार होते.

मला पुन्हा नामदेव आठवले. पण या वेळी उतारवयातले. परंपरा सांगते की अभंगांनी महाराष्ट्र दुमदुमवून सोडल्यावर ते उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले. तिथे त्यांचे मराठी कोणाला कळणार? ज्या भाषेत आपण सिद्ध झालो ती बाजूला ठेवून त्यांनी तिकडच्या लोकांच्या बोलीत पदे रचली. त्यांतली ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन त्या घुमानला भरले, तेव्हा आमच्या नरसीची माणसे अभिमानाने फुगली होती. मी विचार करतो तो पहिल्या पदाचा. त्या म्हाताऱ्या कवीला परक्या बोलीतला पहिला शब्द जुळवताना काय वाटले असेल? पुन्हा कच्चे मडके होण्याची तयारी केल्याशिवाय तो शब्द सुचला नसेल.

मी ते प्रकरण फाडले. नवे लिहिले, ते निम्म्या लांबीचे झाले. त्यात सांजवेळ नाही. आत्याचे बोलणे तिच्याच बोलीत आहे. लाल शाईची बाटली मी कपाटात ठेवून दिली. लिहिताना भय गेले होते असे मुळीच नाही. लोक म्हणतात, आधी धीर येतो मग माणूस पाऊल टाकतो. माझा अनुभव उलटा आहे. पाऊल आधी पडले, आणि धीर मागून धापा टाकीत आला.

कादंबरी गेल्या वर्षी निघाली. नेहमीपेक्षा कमी खपली. प्रकाशकांनी ‘हे नेहमीसारखे नाही’ असे कळवले. तक्रार होती की कौतुक, ते अजून उमगलेले नाही. आत्याच्या सासरकडच्या एका लग्नाची पत्रिका आम्हाला आली नाही. वडील दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी ते ओसरीवर बहिणीशेजारी येऊन बसले. दोघे काय बोलले ते मला ऐकू आले नाही. उठताना त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला, एवढे दिसले.

मुलीने आत्याला ते पुस्तकही वाचून दाखवले. मी या वेळी काही विचारणार नव्हतो. पण आशा वाईट असते. ‘झालं का?’ मी विचारले.

आत्याने विचार केला. ‘जरा आणखी जाळ पाहिजे व्हता,’ ती म्हणाली.

आता दिवाळी आली आहे. पहाटेच्या उटण्यासाठी आत्याने घरच्या हळदीची पूड काढून ठेवली आहे. यंदाचा रंग चांगला उतरला. संपादकांना मी कळवले होते, ‘लेख पाठवतो, पण नेहमीसारखा नाही, चालेल का?’ हे लिहून होईपर्यंत त्यांचे उत्तर आलेले नव्हते. तेव्हा हा लेख तुम्ही वाचत असाल, तर त्यांनीही थोडा धीर केला असे समजा.