ठोका

आमच्या चिरंजीवांनी मागच्या खोलीत हेवी मेटल नामक संगीताचं मिक्सिंग सुरू केल्यापासून शेजारी साखर मागायला येत नाहीत. पायानं वाजवायच्या ढोलाला 'किक' म्हणतात. तीन दिवस घरात ती एकटीच वाजत होती. धप्, धप्, धप्.

"बाबा, ऐका ना जरा. गिटार सुरू झाल्या की ही बुडते."

दहावीनंतर चिरंजीव प्रथमच मला काही विचारत होते. मी चष्मा पुसून ऐकू लागलो.

"खोक्यावर बडवल्यासारखं वाटतंय," मी भीत भीत म्हणालो.

"करेक्ट!" त्यांनी ४०० हर्ट्झच्या आसपास खाली ओढलं; खोकं गेलं. ६० च्या जवळ चढवलं. पोटात गुद्दा बसला. ४००० ला उचललं. ठोक्याला टोक आलं. गिटारांच्या भिंतीतून खिळा बाहेर यावा तशी किक आली. मेटॅलिकाच्या १९८८ सालच्या तबकडीत म्हणे किक लख्ख आहे, पण बेस गिटार शोधावी लागते. आमच्या घरात ती भूमिका मी करतो.

"काही वादक ठोका पडतो तिथं नाणं चिकटवतात," चिरंजीव म्हणाले.

"आमचे भजनातले बुवा खर्जासाठी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापायचे!"

चिरंजीव थांबले. माळ्याकडे पाहत म्हणाले, "तुमचा पखवाज आहे ना अजून?"

हल्ली डब्यातली कणीक लवकर का संपते, हे हिला अद्याप उमगलेलं नाही.