डावीकडचा आवाज

दुर्गापूजा आटोपली आणि अण्णा-आई कराडहून बेंगडुबीला आले. दोनदा गाडी बदलून, डब्यातल्या चपात्या संपवत. मी त्यांना आणायला न्यू जलपाईगुडी स्टेशनवर गेलो. सामान डिकीत, चिवड्याचा डबा आईच्या मांडीवर, अण्णा माझ्या शेजारी. सिलिगुडीच्या गर्दीतून बाहेर पडतो न पडतो तोच अण्णा म्हणाले, "डावीकडनं आवाज येतोय रे. पुढनं."

अण्णांनी ३२ वर्षं एस.टी. चालवली आहे.

"जुनी गाडी आहे अण्णा, १३ वर्षांची. बुश गेले असतील."

"बुश गेला की धप्प वाजतं. हे कट् वाजतंय. वळवलीस की जास्त."

हाच आवाज दोन महिन्यांपूर्वी आमच्या एमटीतल्या एका नायकाने ऐकला होता. "साब, आपकी गाड़ी बोल रही है," असं तो म्हणाला होता आणि मी "बारिश के बाद देखते हैं" म्हणून विषय संपवला होता. पाऊस थांबून पंधरवडा झाला होता.

छावणीच्या गेटमधून आत आलो. क्वार्टरच्या गल्लीच्या तोंडाशी स्पीडब्रेकर आहे. वेग फार तर १०, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे. खाडकन आवाज झाला, स्टिअरिंगला हिसका बसला आणि गाडी जागीच अडली. उतरून पाहिलं तर पुढचं डावं चाक खालून बाहेर फेकलं जाऊन मडगार्डात रुतलं होतं. ड्राइव्ह शाफ्ट निखळला होता आणि गिअरबॉक्सचं तेल रस्त्यावर पसरत होतं.

कोणाला खरचटलंही नाही. आई म्हणाली, "घराजवळ झालं ते बरं झालं." अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे याच गाडीने आम्ही कालिम्पोंगला निघणार होतो. सेवकच्या पुढे तो रस्ता तिस्तेच्या कडेने जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली नदी. तिथे वेग १० नसतो.

बागडोग्र्याच्या मेकॅनिकने गाडी उचलून लोअर आर्म काढला आणि तुटका बॉल जॉइंट माझ्या तळहातावर ठेवला. पेरूएवढा तुकडा. आपल्या खांद्याच्या सांध्यासारखी याची रचना असते, वाटीत बसलेला गोळा. चाक वर-खाली व्हावं आणि डावी-उजवीकडे वळावं, दोन्ही एकाच वेळी, म्हणून हा सांधा. आमच्यासारख्या लहान गाड्यांत गाडीचं वजन स्प्रिंग आणि शॉक अॅब्झॉर्बरवरून वर जातं, पण चाकाला खालून जागेवर धरून ठेवतो तो हाच. तो सुटला की चाकाला धरणारं खाली काही उरत नाही. जुन्या जीपवजा गाड्यांत तर स्प्रिंग थेट लोअर आर्मवर बसते. तिथे या सांध्यावर वजनही असतं आणि तो सुटला की गाडीचा तो कोपराच खाली येतो.

गोळ्यावर रबरी बूट असतो आणि बुटाच्या आत ग्रीस. बूट फाटला की पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीस वाहून जातं, गोळा गंजतो आणि वाटी झिजत जाते. माझ्या सांध्याचा बूट चिरलेला होता आणि आत ग्रीसऐवजी तांबडा चिखल होता. उत्तर बंगालचे दोन पावसाळे त्यात साठले होते. "ये छह महीने से माँग रहा था साहब," मेकॅनिक म्हणाला.

आता रिकॉलबद्दल, कारण माझ्या मनात पहिला प्रश्न तोच आला. हा कंपनीचा दोष तर नाही? उदाहरणं आहेत. २००७ मध्ये टोयोटाने अमेरिकेत टुंड्रा आणि सिकोया या मॉडेलच्या ५ लाखांहून जास्त गाड्या पुढच्या बॉल जॉइंटसाठी परत बोलावल्या होत्या. मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर कळवला. उत्तर दोन भागांत आलं.

पहिला भाग असा की बॉल जॉइंटसाठी या गाडीवर कुठलाही रिकॉल नाही. झीज म्हणजे दोष नव्हे. बनवतानाच काही चुकलं असेल तर रिकॉल. वापरून झिजलं तर खर्च मालकाचा. हिशेब बरोबर होता, मी वाद घातला नाही.

दुसऱ्या भागाने मात्र मी चमकलो. याच चॅसी नंबरवर वेगळ्याच एका भागासाठी जुना रिकॉल उघडा होता. तो भाग फुकट बदलून मिळणार होता. मला पत्ताच नव्हता. गाडी मी एका कोर्समेटकडून घेतली. रिकॉलचं पत्र त्याच्या जुन्या स्टेशनच्या क्वार्टरवर गेलं असणार आणि तिथे त्याच्यानंतर किती कुटुंबं राहून गेली कोण जाणे. मोबाइल नंबरही तेव्हाचाच, बंद पडलेला.

आपल्या लोकांचं इथेच अडतं. दर दोन-तीन वर्षांनी पत्ता बदलतो, गाडी एका ऑफिसरकडून दुसऱ्याकडे जाते आणि आरसीवर भलत्याच गावचं नाव राहतं. कायद्याने पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आपल्यापैकी किती जण कळवतात, मनाशीच मोजा.

वयाचाही प्रश्न आहे. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ आलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सरकार कंपनीला सक्तीने गाड्या परत बोलवायला लावू शकतं. दोषाची तक्रार मालकाने वाहन पोर्टलवर नोंदवायची असते. पण ही सक्ती ७ वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी. अमेरिकेत रिकॉलची फुकट दुरुस्ती १५ वर्षांपर्यंत मिळते. कंपनीने स्वतःहून केलेला रिकॉल उघडा असेल तर जुन्या गाडीलाही काम करून मिळू शकतं, जसं मला मिळालं. म्हणून विचारायचंच. आरसीवरचा चॅसी नंबर सर्व्हिस सेंटरला द्या किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे.

हे मुद्दाम लिहितोय ते निवृत्त मंडळींसाठी. कॅन्टीनमधून घेतलेली गाडी तुम्ही पंधरा-पंधरा वर्षं जपता. वरून चकचकीत, आत सीट कव्हरसुद्धा नवं. खाली कोण बघतं?

बघायचं कसं, ते अण्णांनी मला दाखवलं. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावायचा, विटा नाहीत. चाक वर आणि खाली धरून, घड्याळातल्या १२ आणि ६ वर, हलवायचं. खेळ जाणवला तर दुसऱ्याला आत टॉर्च मारून बघायला सांगायचं, हलतंय ते सांध्यात की बेअरिंगमध्ये. मग लोअर आर्म आणि चाकामागचा नकल यांच्यामध्ये पहारीने हलकेच उचकून पाहायचं. स्प्रिंग लोअर आर्मवर असेल तर जॅक आर्मखालीच लावावा, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने खेळ लपतो. रबरी बूट चिरला असेल तर आवाजाची वाट पाहू नका. बदलताना दुसरी बाजूही तपासून घ्या आणि नंतर अलाइनमेंट करा.

यात मला नवीन काहीच नव्हतं, हे कबूल करतो. युनिटची एकही गाडी सकाळच्या फर्स्ट परेडशिवाय गेटबाहेर जात नाही. ड्रायव्हर खाली वाकून बघतो आणि मगच निघतो. कोणी टाळलं तर मी त्याला ऑफिसात उभं करतो. माझ्या स्वतःच्या गाडीची फर्स्ट परेड १३ वर्षांत एकदाही झाली नव्हती आणि त्यात मी माझ्या आई-वडिलांना बसवलं होतं. त्या नायकाला मी दुसऱ्या दिवशी बोलावलं आणि सांगितलं, "तू सही था." तो संकोचला. "साब, मुझे दोबारा बोलना चाहिए था," म्हणाला. त्याने दुसऱ्यांदा बोलायची गरज पडली, यात चूक त्याची नव्हती.

कालिम्पोंगला आम्ही चार दिवसांनी भाड्याच्या जीपने गेलो. निघण्याआधी अण्णा म्हणाले, "जरा थांब," आणि गुडघ्यावर हात टेकून पुढच्या चाकामागे वाकले. ड्रायव्हर नेपाळी पोरगा होता. तो आधी हसला, मग त्यांच्या शेजारी वाकून त्यानेच टॉर्च धरला.

"चांगलंय," अण्णा म्हणाले. "चला."