सात गैरहजर

शाळेंतून निवृत्त झाल्यावर हजेरीपटाशीं आपला संबंध सुटला, असें मी समजून होतों. गेल्या महिन्यांत एका रात्रीं तो समज खोटा ठरला.

आमची सूनबाई पुण्यांतील एका कारखान्यांत काम करते. रुग्णाच्या शिरेंत औषध मोजून सोडणारा पंप तेथें तयार होतो. असें यंत्र घडविण्यापूर्वीं त्यानें काय काय केलें पाहिजे, हें एकेका वाक्यांत लिहून ठेवतात. "नळींत हवेचा बुडबुडा आढळतांच पंपानें थांबावें व घंटा द्यावी," हें त्यांतलेंच एक. तीं वाक्यें संगणकावर एका मोठ्या तक्त्यांत राहतात आणि प्रत्येकापुढें रकाने असतात: धोका किती, तपासावयाचें कोणीं, स्थिति काय. हवीं तेवढींच वाक्यें डोळ्यांपुढें यावींत म्हणून जी सोय असते तिला सूनबाई फिल्टर म्हणते. मी चाळणी म्हणतों.

त्या रात्रीं तिला निकाल न लागलेलीं वाक्यें हवीं होतीं, म्हणजे जीं 'मान्य'ही नाहींत आणि 'रद्द'ही नाहींत. सकाळीं ती यादी तपासणाऱ्या मंडळींकडे जावयाची होती. यादींत जें नाहीं त्याचा निकाल लागला, असेंच तीं मंडळी धरणार. पण चाळणी एकदम ४०५ वाक्यें दाखवूं लागली. पाहतों तों तिनें 'मान्य नाहीं किंवा रद्द नाहीं' असें लिहिलेलें. जें मान्य आहे तें रद्द नसतेंच, म्हणून तेंही आंत! येथें 'आणि' हवें. हा नियम ज्याच्या नांवानें ओळखतात तो ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ सालीं आपल्या मदुरेस जन्मला, असें मीं तिला सांगितलें. तिनें ऐकल्यासारखें केलें. 'आणि' घालतांच १४ उरलीं. "झालें बाई एकदाचें," म्हणून ती उठली.

पण हजर अधिक गैरहजर बरोबर पट, ही बेरीज जुळविल्यावांचून ३५ वर्षें मीं पट मिटला नव्हता. "मान्य किती?" ३८०. "रद्द?" ११. "आणि एकंदर?" ४१२. कागदावर बेरीज केली ती ४०५ च भरली! सात वाक्यें कोठेंच नव्हतीं. मघांच्या सैल चाळणींतून तर सगळींच यावयास हवीं होतीं. तीं सात तेव्हांही बाहेर राहिलीं होतीं, आणि मी डी मॉर्गनच्या गोष्टी सांगत बसलों होतों.

दुपारची एखादी चाळणी अनुवृत्तीसारखी मागून चालत आली असेल, अशी शंका घेऊन सूनबाईनें साऱ्या चाळण्या काढून पाहिल्या, तसें नव्हतें. मग तिनें वाक्यें स्थितीच्या क्रमानें लावलीं. सात ठिकाणीं तो रकानाच रिकामा होता.

नञ् दोन प्रकारचा, हें व्याकरणांत शिकलों होतों. 'तांबडें नसलेलें फूल आण' म्हटलें तर दुसऱ्या रंगाचें कां होईना, फूल हातीं यावें लागतें, हा पर्युदास. 'तांबडें फूल आणूं नको' म्हटलें तर रिकाम्या हातानें आलेलाही आज्ञा पाळतो, हा प्रसज्यप्रतिषेध. सूनबाईच्या मनांत दुसरा होता, यंत्रानें पहिला घेतला. एडगर कॉड यानें १९७० सालीं माहिती तक्त्यांत मांडण्याची पद्धति सुचविली आणि १९७९ च्या निबंधांत रिकाम्या रकान्यासाठीं खरें व खोटें यांच्या जोडीला 'अज्ञात' ही तिसरी कोटि मानली. रिकामा रकाना 'मान्य'हून वेगळा काय, असें विचारलें कीं उत्तर येतें 'अज्ञात'. आणि चाळणी सोडते ती फक्त 'खरें' याला.

पहिल्या दोन अटी कंसांत घालून पुढें 'किंवा स्थिति रिकामी' असें जोडतांच २१ वाक्यें आलीं. सात नव्यांत तिसरें बुडबुड्याचें होतें. महिन्यापूर्वीं तीं एका जुन्या प्रतींतून आणलीं होतीं. तेथें त्या रकान्याचें नांव निराळें असल्यानें स्थिति वाटेंत गळली होती.

"बाबा, जुन्या प्रतींत तीं मान्यच असणार. भरून टाकूं का?" सूनबाईनें विचारलें.

नोकरीच्या पहिल्या वर्षीं मीं एका मुलास संवयीनें हजर मांडलें होतें. दुपारीं त्याचा बाप शाळेच्या दारांत येऊन उभा राहिला. पोरगा सकाळीं घरून निघाला होता, आणि माझ्या पटावर तो वर्गांत बसलेला. संध्याकाळीं तो मारुतीच्या पारावर झोपलेला सांपडला, पण मधले चार तास मी त्या बापाबरोबर गांवांतल्या विहिरी पाहत हिंडलों होतों. ही गोष्ट मीं घरांत कोणास सांगितली नव्हती. ती सूनबाईस सांगितली.

तिनें रकाने रिकामेच ठेवले, आणि २१ वाक्यांची यादी धाडून दिली.