गनिमाकडून आलेली नावे

'गनीम' हा शब्द मुळात गौरवाचा नव्हे. मोगली कागदपत्रांत मराठ्यांचा उल्लेख या शब्दाने होतो. गनीम म्हणजे शत्रू, लुटारू. त्या गनिमाच्या लढण्याच्या रीतीला 'गनिमी कावा' म्हटले गेले आणि पुढे तेच नाव आपण इतक्या अभिमानाने मिरवले, की त्यातली तुच्छता पार झिजून गेली. शत्रूने ठेवलेले नाव भूषण म्हणून धारण करण्याचे हे उदाहरण एकटे नाही. 'कमांडो' हा शब्द पोर्तुगीजांकडून दक्षिण आफ्रिकेतल्या डच वसाहतवाल्यांच्या भाषेत आला. बोअर शेतकऱ्यांच्या घोडेस्वार टोळ्यांना ते कमांडो म्हणत. १८९९ ते १९०२ च्या युद्धात या टोळ्यांनी इंग्रजांना जेरीस आणले. जून १९४० मध्ये डंकर्कहून माघार घेऊन इंग्रजी फौज मायदेशी परतली, तेव्हा शत्रूच्या किनाऱ्यावर छापे घालणाऱ्या छोट्या तुकड्यांची कल्पना डडली क्लार्क या अधिकाऱ्याने मांडली आणि त्यांना नाव सुचवले ते एकेकाळच्या शत्रूचेच. क्लार्कचा स्वतःचा जन्म ट्रान्सवालमधला होता, हे लक्षात घेतले म्हणजे नावाचा उगम उलगडतो.

याच क्लार्कची दुसरी करामत अधिक गमतीची आहे. अस्तित्वात नसलेली छत्रीधारी ब्रिगेड अस्तित्वात असल्याचे शत्रूला भासवण्यासाठी त्याने 'स्पेशल एअर सर्व्हिस' हे नाव रचले. १९४१ मध्ये उत्तर आफ्रिकेत डेव्हिड स्टर्लिंगने मूठभर माणसे जमवली, तेव्हा हे हूल देण्यासाठी घडवलेले नाव त्या खऱ्या तुकडीला चिकटले. आज जगभर ज्या दलाचा दाखला दिला जातो, त्याचे नाव म्हणजे मुळात एक थाप होती. साहित्याच्या विद्यार्थ्याला याचे नवल वाटू नये. नाव आधी आणि वस्तू मागाहून, हे आपल्या व्यवहारात नित्याचेच आहे.

आपल्याकडची गोष्ट १९६५ ची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पाकिस्तानने काश्मीरमध्ये घुसखोर पाठवले. पाकिस्तानकडे १९५६ पासून असे खास दल होते, भारताकडे नव्हते. पश्चिम विभागाचे सेनापती लेफ्टनंट जनरल हरबक्ष सिंग यांच्यापुढे मेजर मेघ सिंग नावाचा एक अधिकारी उभा राहिला. त्याच्यावर कारवाई होऊन वरचा हुद्दा गेलेला होता, असे लष्करी इतिहास लिहिणारे नोंदवतात. शत्रूच्या मुलखात शिरून छापे घालण्याची परवानगी त्याने मागितली. वेगवेगळ्या पलटणींतले स्वेच्छेने आलेले जवान घेऊन त्याने तुकडी बांधली आणि सप्टेंबरच्या लढाईत सीमेपलीकडे जाऊन ती वापरून दाखवली. तो जखमी झाला, त्याला वीरचक्र मिळाले, गेलेला हुद्दाही परत मिळाला. युद्धानंतर ती तुकडी मोडली. पण तिच्या अनुभवावर १ जुलै १९६६ रोजी ग्वाल्हेरला '९ पॅरा कमांडो' ही पलटण उभी राहिली आणि तिचे पहिले नेतृत्व मेघ सिंग यांच्याकडेच आले. पुढच्याच वर्षी तिच्यातून '१० पॅरा' निघाली. डिसेंबर १९७१ मध्ये या दुसऱ्या पलटणीने लेफ्टनंट कर्नल भवानी सिंग यांच्या हाताखाली वाळवंटात छाछरोवर छापा घातला.

त्या मूळ तुकडीचे नाव 'मेघदूत फोर्स'. नाव अर्थातच मेघ सिंगांवरून पडले. तरीही, मराठीच्या माणसाला येथे थबकावेच लागते. ज्या काव्याची भाषांतरे सी. डी. देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शांता शेळके अशा कितीतरी जणांनी केली, ज्याचा रामगिरी म्हणजे विदर्भातला रामटेक असे मिराशींनी मांडले, त्या काव्याचा नायक कोण? कामात कसूर केल्याबद्दल धन्याच्या शापाने आपले मोठेपण गमावलेला यक्ष. हुद्दा गमावलेल्या माणसाच्या तुकडीला नेमके हेच नाव मिळावे! ज्याने ते ठेवले, त्याच्या मनात कालिदास किती होता कोण जाणे. मला मात्र हा योगायोग सोडवत नाही. मेघदूत शिकवताना मी हे एकदा वर्गात सांगितले.

आमच्या वर्गात मुळशी तालुक्यातली मुले बरीच असतात. पिरंगुट, पौड, मुठा खोरे. त्या वर्षी उरवड्याचा एक मुलगा होता. सैन्यभरतीची तयारी करीत होता, त्यामुळे तासाला पुष्कळदा पेंगत असे. त्या दिवशी तो पेंगला नाही. तास संपल्यावर तो थांबला. आदल्याच आठवड्यात कुठल्याशा कार्यक्रमात एका वक्त्याने एप्रिल १६६३ च्या लाल महालावरच्या छाप्याला 'जगातला पहिला सर्जिकल स्ट्राइक' म्हटले होते (२०१६ नंतर हा शब्दप्रयोग प्रत्येक व्यासपीठावर हजेरी लावतो) आणि मावळातल्या पोरांच्या रक्तातच कमांडो आहे, असेही ठासून सांगितले होते. मुलगा खाली पाहत म्हणाला, "मॅडम, ज्याच्या रक्तात नसेल त्याचं काय? आमची घरं गावाच्या त्या बाजूला."

या प्रश्नाला उत्तर देणे सोपे नव्हते, कारण 'रक्त' ही आपल्याकडे नुसती अलंकाराची गोष्ट नाही. लढवय्येपण रक्तात असते, हा इंग्रजांच्या भरतीचा सिद्धान्तच होता. कंपनीच्या मुंबई फौजेत पिढ्यानपिढ्या लढलेल्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याच सिद्धान्ताने बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली, तेव्हा ते रक्त चालले. युद्ध संपताच पुन्हा चालेनासे झाले. ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तीही युद्धाच्या गरजेतून आणि आंबेडकरांच्या पाठपुराव्यामुळे. म्हणजे रक्त तेच. बदलली ती फौजेची निकड. शिवकालीन किल्ल्यांच्या राखणीत महार, रामोशी, कोळी, बेरड असे अनेक होते, हे इतिहासाच्या पुस्तकात असते. व्यासपीठावरच्या 'रक्तात' मात्र ते मावत नाहीत.

मी त्याला एवढेच सांगितले, की मेघ सिंगांनी स्वेच्छेने आलेली माणसे घेतली होती आणि आजही त्या पलटणींत कोणत्याही रेजिमेंटचा जवान आपणहून जातो. तिथली खडतर परीक्षा सोसली नाही तर मुकाट्याने मूळ पलटणीत परततो. परतणारेच अधिक असतात. ही विद्या वारशाने येत नाही, शिकावी लागते. आणि बहुधा शत्रूकडून, मार खाल्ल्यावर. त्याचे समाधान झाले की नाही, मला कळले नाही. "पण मॅडम, आता चारच वर्षं," असे काहीसे तो पुटपुटला. २०२२ पासून भरती होते ती अग्निवीर म्हणून, आणि चार वर्षांनंतर चौघांपैकी फार तर एकाला कायम करतात. वंशावळीपेक्षा त्याला ती चिंता जास्त जवळची होती, आणि ते रास्तच होते.

वंशावळी पुढून मागे लिहिल्या जातात. ताम्हिणी घाट उतरून माणगावला गेले, की यशवंत घाडगे यांचा पुतळा दिसतो. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, आपल्या तुकडीतले सगळे पडल्यावर या नाईकाने एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर धाव घेतली. गोळ्या संपल्या तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढला आणि तिथेच मारला गेला. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. तो पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतला. तीच पलटण स्वातंत्र्याच्या सुमारास छत्रीधारी झाली, १९५२ मध्ये '२ पॅरा' म्हणून ओळखली जाऊ लागली, ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाइलला आकाशातून उतरली, ढाक्यात पोहोचली आणि पुढे स्पेशल फोर्सेसमध्ये गेली. तेव्हा आता घाडगे यांनाही कमांडोंचे पूर्वज म्हणायला कोणाची हरकत नसावी. इटलीत त्या दिवशी ते पायदळातले एक नाईक होते. छत्रीशी त्यांचा संबंध नव्हता. 'कमांडो' हा शब्द त्यांच्या कानावर आला असेल, तर तो दुसऱ्या कोणाच्या पलटणीबद्दल.

उरवड्याचा मुलगा दुसऱ्या भरतीत निवडला गेला. निघण्यापूर्वी भेटायला आला, पेढे घेऊन. कोणत्या रेजिमेंटचे केंद्र मिळाले, हे मी विचारले, त्याने नाव सांगितले आणि पुढे म्हणाला, "तिथून स्वेच्छेने जाता येतं ना, मॅडम?"