आणि हिचं नाव?

फॅशन मॅगझिन हातात आलं की आपण आधी काय वाचतो? खरं सांगा. फोटोच्या कोपऱ्यातला तो चिमुकला मजकूर! ड्रेस कोणाचा, सँडल कुठली, किंमत किती. मग स्वतःचा पगार आठवून गपचूप पान उलटायचं. पण त्या मजकुरात काय नसतं, हे मला आईने दाखवलं.

मुंबईत अशाच फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं. डहाणू-तलासरीच्या हद्दीवरच्या आमच्या पाड्यावरून आई आली होती. म्हटलं, चल, जरा एसीत फिरू. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली आई आणि भिंतभर सहा फुटी मॉडेल्स. सॉलिड कॉम्बिनेशन! एका फोटोत मातीच्या घरापुढे झुळझुळीत गाऊनमधली मॉडेल, शेजारी हंडा घेतलेली गावची बाई. मी पाटी वाचून दाखवली. फोटोग्राफर, मॉडेल, मेकअप, गाऊन, सगळ्यांची नावं.

"आणि हिचं?" आईने विचारलं.

नव्हतं.

हे काही नवीन नाही. ऑगस्ट २००८ च्या अंकात 'व्होग इंडिया'ने साध्या गरीब माणसांना महागड्या वस्तू देऊन फोटो छापले होते. बाळाला फेंडीचं सुमारे १०० डॉलरचं लाळेरं, मोटरसायकलवरच्या बाईकडे १०,००० डॉलरहून महाग बर्किन बॅग. ब्रँडची नावं होती, माणसांची नव्हती. तेव्हा टीकाही झाली.

आईचा प्रश्न मला जास्त टोचला, कारण ती स्वतः लग्नाचा चौक काढते. तांदळाच्या पिठाने, भिंतीवर, मधोमध देवी पालघाट. हे काम सवासिणींचं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकात ही कला कागदावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि आमच्याकडचं एक नाव जगभर पोचलं. २०१४ मध्ये वारली चित्रांना जीआय टॅगही मिळाला. आज ती कुर्त्यावर, मगवर, तुमच्या-माझ्या ऑफिसच्या भिंतीवर दिसतात. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक काढणाऱ्या बाया? त्यांची नावं फारशी कोणी लिहूनच ठेवली नाहीत.

यंदा चुलतबहिणीच्या लग्नातल्या चौकाचा फोटो काढला. ऑफिसच्या ग्रुपवर टाकण्याआधी खाली पाचही जणींची नावं टाइप केली. आईचं पहिलं. तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, "माझं खाली घे. मोठ्या काकीचं आधी टाक, ती थोरली."