नखावरचा घोडा

घोडा बोटावर उभा असतो, असे सांगितले की माझ्या वर्गात हशा पिकतो. पण वाचकहो, गोष्ट अगदी खरी आहे. प्रत्येक पायाला एकच बोट, तेही मधले. आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख! पुढच्या पायाचा आपण गुडघा म्हणतो ते त्याचे मनगट. दहा-बारा मणांचा देह असा चार नखांवर तोललेला!

साडेपाच कोटी वर्षांपूर्वी त्याचा पूर्वज उत्तर अमेरिकेच्या रानात हिंडे, तेव्हा तो जेमतेम कोल्ह्याएवढा होता. पुढच्या पायांना चार-चार बोटे, मागच्यांना तीन-तीन. पुढे रान विरळ झाले, गवताळ माळ पसरले. उघड्यावर लपायचे कुठे? पळायचे! पाय लांबले, बाजूची बोटे आखडली. नळीच्या हाडालगत त्यांच्या दोन बारीक सळया आजही सापडतात. दूरचा भाऊबंद गेंडा तीन बोटांवर राहिला. घोडा, गाढव, झेब्रा एकावर आले. अमेरिकेतला घोडा मात्र सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी नाहीसा झाला. पुन्हा तिकडे गेला तो १४९३ साली, कोलंबसाच्या गलबतांतून.

एवढ्या पळण्याची किंमत काय, हे मला २००३ साली कळले. आमच्या स्टँडवरच्या टांगेवाल्या चाचांचा घोडा एका रात्री पोटशुळाने लोळू लागला. चाचा त्याला उठवून फिरवीत राहिले. घामाने निथळत तो पुन्हापुन्हा आपल्या कुशीकडे वळून पाही. डॉक्टर आले तेव्हा पहाट होत होती. त्यांनी हळू आवाजात समजावले : घोड्याला ओकता येत नाही. जठराच्या तोंडाशी स्नायूंची मिठी इतकी घट्ट, की आत गेलेले मागे फिरत नाही. त्यात आतड्याला पीळ पडला, की सुटका कठीण.

उजाडायच्या आत घोडा गेला. चाचा त्याची टाप पुसत बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "याला पळायला एवढं दिलं, अन् एक ओकारी नाही दिली?"

मी गप्प राहिलो. दुपारी चाचा बाजारात गेले. चंदीवाल्याची महिन्याची उधारी फेडायची राहिली होती.