चढणीला भेटू या!

पहिला दणदणीत पाऊस झाला की नाशिककर दोन कामं करतात. एक, मिसळ खायला गाडी काढतात. दोन, गाडी काढलीच आहे तर घोटी-इगतपुरीकडे सुसाट सुटतात. गेल्या जूनमध्ये आमच्या ग्रूपनंही तेच केलं. फरक एवढाच, की डिकीत स्पीकर आणि वेफर्सबरोबर एक जाळी होती. बांबूची काठी, टोकाला तारेची कडी, कडीला नायलॉनची झोळी. फिशटँकमधल्या जाळीची थोरली बहीण म्हणा ना! मामाच्या माळ्यावरून ढापलेली.

मिशन होतं चढणीचे मासे. उन्हाळाभर डोहात आणि धरणात दडून बसलेले मासे पहिलं गढूळ पाणी आलं की प्रवाहाच्या उलटे निघतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून थेट भाताच्या खाचरात. कशाला? अंडी घालायला. लहानपणी मामाबरोबर दारणेला मिळणाऱ्या एका ओढ्यावर जायचो. फूटभर उंचीचा धबधबा, त्यावर उड्या मारणारे चांदीसारखे मासे. आपण फक्त झोळी धरायची. सॉल्लिड!

तोच ओढा शोधला. अर्ध्या तासात बादलीत बोटाएवढे वीस-पंचवीस मासे. आम्ही फोटो काढण्यात दंग, तेवढ्यात घोंगडी पांघरलेले एक म्हातारबाबा येऊन उभे राहिले.

"कुठले रे भाऊ?"

"नाशिकचे, बाबा."

त्यांनी बादलीत हात घातला, एक मासा उचलला, पोटावरून अंगठा फिरवला. पिवळसर अंडी बाहेर आली. "ही गाभोळीची हाये. सोड." मग दुसरी, तिसरी. आमचे चेहरे बघून हसले. म्हणाले, सगळा ओढा अडवायचा नाही, निम्मं पाणी माशाला मोकळं ठेवायचं. घरच्या कालवणापुरतं झालं की जाळी उचलायची. मामानं हे कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं?

खरा धक्का पुढच्या वळणावर होता. आधी वास आला, स्विमिंग पूलसारखा. मग पांढरी पोटं वर करून तरंगणारी बारकी पिल्लं, खेकडे, झिंगे. कोणीतरी ब्लीचिंग पावडर टाकली होती. येताना गाडीत आमच्यातलाच एक म्हणाला होता, "जाळी कशाला, पावडर टाकली की पाच मिनिटांत पिशवी फुल्ल!" मी हसलो होतो. त्या पाण्यापाशी तो काही बोलला नाही आणि मीही.

पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारणं हा इंग्रजांच्या १८९७ च्या कायद्यातही गुन्हाच होता. दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. नंतर महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा कायदा आला. धरणांमध्ये मासेमारीचा ठेका बहुतेक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा तिथे 'हौस म्हणून' जाळी टाकण्याआधी विचारायला हवं. त्यांचं पोट आहे त्यावर, आपला वीकएण्ड. आणि हीच दारणा पुढे गोदावरीला मिळून जाते नांदूर-मध्यमेश्वरला. १९८६ पासून अभयारण्य, शिवाय राज्यातलं पहिलं रामसर स्थळ. तिथे दुर्बीण न्या. जाळी मात्र घरी!

गंमत म्हणजे अमेरिकेतही आपल्यासारखे वेडे आहेत. वॉशिंग्टन राज्यात काउलित्झ नदीवर 'स्मेल्ट' नावाचे छोटे मासे समुद्रातून अंडी घालायला चढतात, आणि लोक लांब दांड्याच्या झोळ्या घेऊन थंडीत काठावर उभे. २०१० मध्ये हा मासा धोक्यात असल्याचं तिथल्या सरकारनं जाहीर केलं. आता परवानगी मिळाली तर अवघ्या काही तासांची, माणशी दहा पौंड, म्हणजे साडेचार किलो. एखाद्या वर्षी नदी उघडतच नाही. आपल्याकडे तो हिशेब एका म्हातारबाबांच्या अंगठ्यावर चाललाय.

गाभोळीवाल्या सगळ्या सोडल्या. उरले अकरा. घोटीला मामीकडे गेलो. तिनं बादलीत डोकावून पाहिलं, "एवढेच?" म्हणाली आणि तिखट-मीठ लावून तव्यावर टाकले. माणशी दोन आले, एक मामाला जास्तीचा.

जाळी मी माळ्यावर परत ठेवलेली नाही. डिकीतच आहे. वास अजून जात नाही, बायको वैतागलीये.